आईची वेगळी चूल

करंजवाडी,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय सिंधूताईस,
सप्रेम जय भीम.

रविवारी सकाळी विहार झाडून, मेणबत्ती लावून मी घरी आलो आणि चहाही न घेता मागच्या पडवीत आईसाठी वेगळी चूल मांडली. तीन बाजूंनी विटा, वर मातीचा लेप. मी लेप हाताने सारखा करत होतो तेव्हा तुझी भावजय जयमाला दारात उभी होती.  आई म्हणाली, "इतकी चांगली काऊन करून राह्यला रे? खोट्या कामाले इतकी माती?"

कानाला मशीन लावूनही तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला कळावी असं मला वाटत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या आठवड्यात शालिग्राम कोतवाल घरी आला होता. निराधार योजनेच्या पगाराचा निधी यंदा कमी आला आहे, म्हणाला. गावात पंचेचाळीस नावं आहेत, त्यातली पंधरा तरी जातील. घरोघरी चौकशी होणार आहे. ज्या म्हातारीला कमावता मुलगा सांभाळतो तिचं नाव आधी जाणार. आपल्या शेजारच्या चांदबीचं तर गेलंसुद्धा. तिच्या मुलाच्या नावावर एक जुनी मोटारसायकल निघाली. शालिग्राम उठताना हळूच म्हणाला, "साहेब लोक चूल पाहतात, दयारामभाऊ. चूल वेगळी त मानूस वेगळं."

आईचं रेशनकार्ड सहा वर्षांपूर्वीच वेगळं केलं आहे. गावात सगळेच करतात. कागदावर आई एकटी राहते आणि प्रत्यक्षात आमच्याबरोबर जेवते. इतके दिवस कागद पेटीत होता आणि आई घरात होती, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. आता कागदावर आहे तसं घर करून दाखवायचं आहे.

त्या पगारावर तिच्या डोळ्यांचे थेंब येतात हे तुला माहीत आहे. सरकारी दवाखान्यात ते कधी असतात, बहुतेक वेळा नसतात. काचबिंदूत एकदा गेलेली नजर परत येत नाही, थेंब चुकवू नका, असं बुलढाण्याच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. माझी मजुरी सोयाबीन सोंगायच्या दिवसांत बरी असते, एरवी आठवड्यातून तीन दिवस. थेंब त्यात बसत नाहीत. आईचा पगार गेला तर तिची नजर जाईल, एवढं सरळ आहे हे.

पण ताई, चौथं शील म्हणताना माझा आवाज अडतो. खोटं बोलणार नाही, असं रोज सकाळी बुद्धांपुढे मोठ्याने म्हणतो आणि घरी येऊन आईला पढवतो, "साहेबाले सांग, पोरगा पाहत नाही." तू मोठी आहेस. तू सांगशील तसं करीन.

तुझा निराधारचा पगार वेळेवर येतो ना? प्रज्वलचं पुण्याला कसं चाललं आहे?

तुझा,
दया


मलकापूर,
२८ ऑगस्ट २०२५

चि. दयास आशीर्वाद.

कार्ड लहान आहे म्हणून कामाचं तेवढं लिहिते. चूल मांडलीस ते बरं केलंस. पण नुसती मांडून भागत नाही, ती रोज पेटली पाहिजे. राख गरम आहे की थंड, तेही पाहतात ते. आईचं अंथरूण, घागर, मिठाची बरणी सगळं पडवीतच ठेव. तुझ्या महामायाला तिकडे जाऊ देऊ नकोस. नऊ वर्षांची पोर, काहीतरी बोलून बसेल.

आणि सगळ्यात आधी आईचं तोंड सांभाळ. चार बायांसमोर विचारलं तर ती म्हणणार, माझ्या दयासारखा पोरगा गावात नाही. म्हणणारच ती. त्याला इलाज एकच. रोज तिला प्रश्न विचार, रोज उत्तर म्हणवून घे. तोंडाला सवय झाली पाहिजे.

शीलाचं म्हणशील तर पाप माझ्या नावावर लिही. माझं बरं आहे. प्रज्वलही बरा आहे.

सिंधू


करंजवाडी,
१० सप्टेंबर २०२५

प्रिय सिंधूताईस,
सप्रेम जय भीम.

तू नेहमी लिफाफ्यातून लिहितेस. नेमकं हेच पोस्टकार्डावर का लिहिलंस? पोस्टमन आसिम दारातूनच म्हणाला, "दयारामभाऊ, राख गरम ठेवा म्हणते ताई." चांगला मुलगा आहे, कोणाला सांगणार नाही. तरी दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तू लिहिलंस तसं सगळं केलं आहे. साहेब मात्र आलेले नाहीत. आज शेजारच्या गावात आहेत, उद्या इकडे येतील, असं पंधरा दिवसांपासून ऐकतो आहे. रस्त्यावर गाडी वाजली की जयमाला हातातलं टाकून पडवीत पाहून येते. ते कोणत्या वेळी येतील याचा नेम नाही, म्हणून आईला दोन्ही वेळचं तिथेच रांधावं लागतं. पावसाने लाकडं ओली आहेत, धूर फार होतो. आत गॅसवर भाकरी होते, आणि भिंतीपलीकडे आई डोळे पुसत फुंकणी फुंकते. पहिल्या दिवशी जयमालाने ताट झाकून नेलं. आईने परत पाठवलं. "कोनी पाह्यलं त? जा घेऊन."

गावात काहींना ही गोष्ट माहीत आहे, काहींना नाही. परवा चक्कीवर दळण घेऊन उभा होतो. चांदबीने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे दयाराम, मायले वेगळं काढलं म्हने?"

मी म्हणालो, "तसं नाही चाची."

"तसं नाही त कसं? माह्या पोरानं फटफटी घेतली त माहा पगार गेला. तू मायले घराबाहेर काढलं त तिचा राहीन. मीच चुकली बाप्पा. पोराले म्हनायले पाह्यजे होतं, फटफटी नको घेऊ, मले हाकलून दे."

सगळे हसले. मीही हसलो. पीठ डोक्यावर घेऊन येताना मात्र रस्ता लांब वाटला.

आईचा सराव चालू आहे. सुरुवातीला मी साहेब होऊन विचारलं, "आजी, मुलगा पाहतो का?" तर ती तोंडाला पदर लावून हसायची. म्हणायची, "माह्यासमोरच उभा हाय आन् इचारते, पाहतो का म्हून." आता हसत नाही. विचारलं की लगेच उत्तर देते. तू म्हणतेस तशी सवय झाली आहे. मला बरं वाटायला हवं होतं.

महामाया रोज विचारते, आजीले बाहेर काऊन बसवलं. थोडे दिवस, असं सांगतो.

तुझा,
दया


मलकापूर,
२२ सप्टेंबर २०२५

चि. दयास आशीर्वाद.

लिफाफे संपले होते म्हणून कार्ड. आसिमला म्हणावं, वाचतोस तर दोन लाकडं तरी फोडून दे म्हातारीला.

आई हसत नाही हे चांगलंच आहे. मधेच ढिला पडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, दोन अश्रू पाहिले की विरघळतोस. लहानपणी शाळेत कोणी न विचारता गुरुजींना सांगून आलास, पेन्सिल आपण दोघांनी घेतली म्हणून. मार मलाही बसला. त्या वेळी पेन्सिल होती, आता डोळे आहेत.

विजयादशमीला येत नाही. गुडघा दुखतो आणि हाताशी काम आहे. येऊन मला न्यायचं वगैरे काही काढू नकोस. माझं बरं आहे.

सिंधू


करंजवाडी,
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सिंधूताईस,
सप्रेम जय भीम.

ते आले.

गेल्या बुधवारी मी सोयाबीनच्या सोंगणीला गेलो होतो. अकराच्या सुमाराला शालिग्रामचा फोन आला. विळा तिथेच टाकून निघालो. मी घरी दिसायचं नाही असं ठरलं होतं, पण मन मानेना. चांदबीच्या अंगणातून आत शिरून तिच्या कुडाच्या भिंतीआड उभा राहिलो. आपली पडवी तिथून हातभर अंतरावर आहे. चांदबी तांदूळ निवडत होती. तिने मला पाहिलं आणि सूप घेऊन गुपचूप आत गेली.

एक तरुण साहेब होते आणि एक मॅडम. मॅडमच्या हातात मोबाइल. गल्लीतल्या सात-आठ बायका गोळा झाल्या होत्या. तुझं सगळं पत्र मला त्या क्षणी आठवलं. आता आई म्हणणार, माझ्या दयासारखा पोरगा नाही, आणि सगळं संपणार. ताई, खरं लिहितो, भिंतीआड उभा राहून मी मनात म्हणत होतो, म्हणू नको, आई, म्हणू नको.

साहेबांनी विचारलं, "आजी, जेवण कुठं करता?"

"इथंच. ह्या चुलीवर."

"कोण करून देतं?"

"कोन देईन? मीच टाकतो भाकर. दिसत नाही त कधी करपते."

"पाणी?"

"लोटा-लोटा आनतो."

"नात आहे ना तुम्हाला? ती येते का?"

"येत नाही. येऊ देत नाहीत तिले. कधी शाळेतून येता येता कुडाच्या फटीतून हात घालते, मी हात धरतो तिचा. मंग पयते."

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. हे मला माहीतही नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "आणि मुलगा? तो बोलतो का तुमच्याशी?"

"बोलते न. रोज येते, असं सांग, तसं सांग म्हनते. तेवढंच बोलते."

मी तिला पढवतो हेच तिने सांगून टाकलं. पण त्या दोघांच्या ते लक्षात आलं नाही. साहेब लिहीत होते. मॅडमने आईला चुलीजवळ बसवून फोटो काढला. "आजी, वर पाहा," म्हणाल्या. आई धुराकडेच पाहत राहिली. जाताना साहेबांनी शालिग्रामला म्हटलेलं मी ऐकलं, "अशा मुलांना काय म्हणावं?" शालिग्रामनेही मान हलवली.

संध्याकाळी शालिग्राम सांगून गेला की आईचं नाव राहिलं. पुढच्या महिन्यात चावडीवर यादी वाचतील. कोणाची हरकत आली नाही तर नाव पक्कं.

मी आईला आणायला पडवीत गेलो. म्हटलं, झालं, चल आत. तिने अंथरुणाची घडी सोडली नाही. म्हणाली, "पुन्हा येतील त? राहू दे. माही सवय झाली." मी हात धरला, तर हात काढून घेतला. रागाने नाही. सहज.

ताई, ती त्यांच्याशी एक शब्दही खोटं बोलली नाही. मी भिंतीआड उभा राहून एकेक वाक्य तपासलं. सगळं खरं होतं. आपण ऑगस्टात नाटक म्हणून जे मांडलं ते ऑक्टोबरात आईचं आयुष्य झालं आहे, आणि ते करणारा मुलगा मी आहे.

दिवाळी तोंडावर आली आहे. मला काय करावं सुचत नाही. तू लवकर लिही.

तुझा,
दया


मलकापूर,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. दयास आशीर्वाद.

हा लिफाफा शेजारच्या निशिगंधाकडून मागून घेतला आहे आणि कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, मागची बाजू कोरी असते. आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगते.

माझा पगार जुलैतच बंद झाला. तुझ्या पहिल्या पत्राच्या आधीच.

आमच्या गल्लीतही चौकशी झाली होती. एक बाई आली होती, बोलायला चांगली होती. मी अंगणात बसले होते, निशिगंधा आणि बाकीच्या बायका उभ्या होत्या. त्यांची मुलं इथेच आहेत, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात, संध्याकाळी घरी येतात. त्या बाईने विचारलं, मावशी, तुमचा मुलगा सांभाळतो का तुम्हाला? मी म्हणाले, हो तर, दर महिन्याला पाठवतो, रोज फोन करतो. दया, मला फोनवर ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. कोणी काही बोललं नाही. बाईने लिहून घेतलं आणि नाव गेलं.

प्रज्वल दीड वर्षात आलेला नाही. पुण्यात आहे की आणखी कुठे, तेही मला ठाऊक नाही. तो काही पाठवत नाही. पण माझा नवरा गेल्यावर याच अंगणात मी या बायकांना सांगत आले, माझा प्रज्वल मोठा झाला की बघा. आता त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणायचं की तो मला विचारत नाही? माझ्याने झालं नाही. दोन शब्द बोलायचे होते आणि ते माझ्याने झाले नाहीत.

म्हणून तुला टोचत होते. आईही माझ्यासारखंच करेल आणि डोळे घालवून बसेल, याची मला रात्रंदिवस भीती होती. तू शीलाचं लिहिलंस तेव्हा मला राग आला. मी म्हटलं, याला खोटं बोलायला जड जातं, मी तर खोटं बोलूनच सगळं घालवलं.

मी मिरच्यांची देठं खुडायला जाते. एक वेळ नीट जेवते, दुसऱ्या वेळी चहा. मरत नाही. मला न्यायला येऊ नकोस.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. महामाया फटीतून हात घालते ते पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतं. ते मीच सुचवलं होतं, पोरीला जाऊ देऊ नकोस म्हणून. तरीही माझं सांगणं हेच आहे की नाव राहिलं आहे तर राहू दे. हरकत आली नाही तर पुढचं वर्षभर थेंब मिळतील. मग हळूच आत घे तिला. आता गप्प बस, दया. एवढं एकदा माझं ऐक.

सिंधू


करंजवाडी,
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सिंधूताईस,
सप्रेम जय भीम.

तू दोनदा लिहिलंस, माझं बरं आहे, आणि मी ते मान्य करून पुढचं पान लिहीत गेलो. पोस्टकार्ड का लिहिलंस म्हणून उलट तुझ्यावरच चिडलो. यासाठी मला माफ कर. तुला न्यायला येऊ नकोस असं लिहिलं आहेस, पण रविवारी मी मलकापूरला येतो आहे. माझ्याबरोबर येशील की नाही ते तू ठरव. तुझ्यासाठी एक अर्ज लिहून आणतो आहे. त्यात एवढंच आहे की मुलाचा पत्ता लागत नाही आणि तो सांभाळत नाही. सही करायची नसेल तर फाडून टाक, मी पुन्हा विषय काढणार नाही.

आता आईचं. मी तुझं ऐकलं नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी जयमालाला सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, आईला आत घेतलं आणि कोणी तक्रार केली तर पगार जाईल, मागचेही परत मागतील असं शालिग्राम म्हणतो. मग थेंबाचं काय?  ती म्हणाली, "तुम्हाले एक सांगू? पहिले मी त्यायच्या डोयात थेंब टाको. आता त्या स्वतः टाकतात. अर्धे गालावर जातात. बाटली बारा दिवसांतच सरते आन् मंग महिना कोरडा." हे तिने दोन महिने मला सांगितलं नव्हतं. पगार वाचवायच्या नादात थेंब आम्हीच वाया घालवत होतो.

त्याच संध्याकाळी आईचं अंथरूण मी आत आणलं. ती ओरडली, शिव्या दिल्या, "येडा झाला का बे, पगार घालवशील माहा," म्हणाली. महामायाने तिचा लोटा उचलून आणला तेव्हा मात्र उठली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जयमालाच्या हातून थेंब घालून घेते.

तू लिहिलंस तसं चावडीवर गप्प बसायचं मी ठरवून पाहिलं. दोन दिवस पाहिलं. विहारात पंचशील म्हणताना चौथ्यापाशी थांबलो आणि तसाच उठून आलो. असं आजवर कधी झालं नव्हतं. तू खोटं बोललीस म्हणून तुझा पगार गेला आणि आमच्याकडे खोटं घडवून आणलं म्हणून राहिला. दोन्हीकडे म्हातारी बाई एकटीच पडली. मला यापुढे विचार करता येईना.

मंगळवारी चावडीवर यादी वाचली. साठ-सत्तर माणसं होती. ग्रामसेवक नावं वाचत होते, त्यात आईचं नाव आलं. "कौतिकाबाई. विभक्त. मुलगा सांभाळत नाही. कोणाची हरकत?" कोणी बोललं नाही. ते पुढचं नाव घेणार तेवढ्यात मी उभा राहिलो.

"हरकत आहे."

"कोणाची?"

"माझी. मी तिचा मुलगा."

लोक हसायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "आपल्याच मायवर हरकत घेते बे हा!" शालिग्राम मला खाली बसायची खूण करत होता.

मी म्हणालो, "आई माझ्याकडे राहते. माझ्याकडेच जेवते. मधले दिवस मी तिला पडवीत ठेवलं, कारण साहेब चूल पाहतात असं कळलं होतं. ती चूक माझी आहे, तिची नाही. तिने साहेबांना खरं तेच सांगितलं. आता लिहा की मुलगा सांभाळतो. आणि हेही लिहा की मुलगा मजूर आहे, आठवड्यातले तीन दिवस त्याला काम असतं, आणि आईचे थेंब त्याला घेता येत नाहीत. म्हणून नाव कमी करू नका."

ग्रामसेवक माझ्याकडे पाहत राहिले. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "दोन्ही कसं लिहू, दयारामभाऊ? सांभाळतो की नाही, तेवढंच विचारलं आहे. रकाना एकच आहे."

तेवढ्यात बायकांमधून चांदबी उठली. "मंग कागदाच्या मांगं लिहा न साहेब. मांगं त जागा हाय! आन् लिहितच आहा त माहंबी लिहा, फटफटी तीन महिन्यांपासून बंद पडली म्हून." पुन्हा हसू झालं, पण या वेळी ते वेगळं होतं. आणखी दोन बायका उभ्या राहिल्या. मग आपल्या गल्लीतल्या तुळशीरामची आजारी आई बसल्या जागेवरून काही बोलली, ते मला ऐकू आलं नाही.

ग्रामसेवकांनी आईच्या नावापुढे प्रलंबित असं लिहिलं. कागद तहसीलला जाईल. नाव राहील की जाईल, मागचे पगार परत मागतील की नाही, त्यांना माहीत नाही. मलाही माहीत नाही.  थेंबाची बाटली अजून आठ दिवस पुरेल.

आईला घरी येऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "इतक्या लोकायसमोर बोलला? मले त बलवाचं होतं. मीच सांगतलं असतं न, माहा पोरगा पाहते म्हून."

एक सांगायचं राहिलं. चावडीवरून निघण्याआधी मला जे करायचं होतं ते मी केलं. ग्रामसेवकांनी कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. मी मागच्या बाजूला लिहिलं, आई माझ्याजवळ राहते आणि तिला मदतीची गरज आहे, आणि सगळ्यांसमोर खाली सही केली.

तुझा,
दया